कॉन्स्टंटिन रूबल : एका नमुना-नाण्याची राजकीय साक्ष

राजसत्तेची लक्षणे कोणती, या प्रश्नाला मध्ययुगीन भारतात ‘खुतबा आणि सिक्का’ असे दोन शब्दांत उत्तर दिले जात असे. ज्याच्या नावाने मशिदीत प्रार्थना होते आणि ज्याच्या नावाचे नाणे पडते तो राजा. या सूत्राचा इतिहासकाराला मोठा उपयोग होतो. परंतु त्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. पेशवाईतील अनेक टाकसाळींतून मोगल बादशहाच्या नावाचे रुपये पडत होते. शाह आलम दुसरा हा १८०६ साली मरण पावला, तरी त्याच्या नावाचे रुपये ईस्ट इंडिया कंपनी १८३५ पर्यंत पाडीत राहिली. म्हणजे नाण्यावरील नाव आणि प्रत्यक्ष सत्ता ही नेहमी एकाच ठिकाणी नांदतात असे नाही. सत्ता दुसरीकडे गेल्यावरही नाव मागे राहते, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. याच्या उलट, सत्ता हाती येण्यापूर्वीच नाव नाण्यावर यावे आणि ती सत्ता मग कधीच येऊ नये, असा प्रकार मात्र विरळा. रशियातील १८२५ सालचा ‘कॉन्स्टंटिन रूबल’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

नमुना-नाणे म्हणजे काय

नाणकशास्त्रात नमुना-नाणे आणि चलनी नाणे यांतील भेद प्रथम स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. चलनी नाण्यामागे राज्याचा हुकूम असतो, ते ठराविक मूल्याने स्वीकारण्याचे बंधन प्रजेवर असते आणि ते हातोहात फिरते. नमुना-नाणे यांपैकी काहीच करीत नाही. नवे नाणे काढावयाचे ठरले म्हणजे प्रथम आरेखन होते. त्यावरून कोरक पोलादात ठसा कोरतो. ठशाची खोली, अक्षरांची मांडणी आणि चेहऱ्याचा उठाव पाहण्यासाठी कथिलासारख्या मऊ धातूवर त्याचे छाप घेतले जातात. आणि ते समाधानकारक वाटल्यास खऱ्या धातूत थोडी नाणी पाडून वरिष्ठांच्या संमतीसाठी पाठविली जातात. या शेवटच्या टप्प्यातील नाणे ते नमुना-नाणे. संमती मिळाली तर त्याच ठशांवरून अथवा थोड्या फेरफाराने चलनी नाणी पडू लागतात. न मिळाल्यास नमुने टाकसाळीतच राहतात किंवा वितळविले जातात.

म्हणून नमुना-नाण्याची साक्ष ही चलनी नाण्याच्या साक्षीहून वेगळ्या जातीची असते. राज्याने काय केले ते चलनी नाणे सांगते. राज्य काय करू पाहत होते ते नमुना-नाण्यावरून कळते. राजकीय उलथापालथीच्या काळात या दोहोंमध्ये अंतर पडते, आणि त्या अंतरातच इतिहासाचा एखादा विसरलेला किंवा बुद्ध्या विसरविलेला दुवा सापडतो. दुर्मीळपणा हा अशा नाण्याचा बाह्य गुण झाला. त्याचे खरे मोल त्याच्या दुर्मीळतेच्या कारणात असते.

वारसाहक्काचा गुंता

कॉन्स्टंटिन रूबलचे कारण समजण्यासाठी रशियाच्या राजघराण्यातील वारसाहक्काकडे वळले पाहिजे. सम्राट पॉल पहिला याने १७९७ साली ज्येष्ठत्वाच्या क्रमाने पुरुष वारसाकडे राज्य जावे असा कायदा केला. त्याचा ज्येष्ठ पुत्र अलेक्झांडर पहिला हा निपुत्रिक होता. तेव्हा कायद्याप्रमाणे त्याच्यामागून दुसरा पुत्र कॉन्स्टंटिन याचा हक्क होता. निकोलस हा तिसरा आणि मिखाईल हा चौथा.

कॉन्स्टंटिन वॉर्सा येथे राहत होता. तो पोलिश सैन्याचा सरसेनापती होता. १८२० साली त्याने पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन योआना ग्रुझिन्स्का या पोलिश सरदारकन्येशी विवाह केला. ती राजकुळातील नव्हती आणि त्याच वर्षी निघालेल्या राजाज्ञेने अशा विषम विवाहाच्या संततीस गादीचा हक्क नाकारला होता. हक्क संततीचा गेला होता, खुद्द कॉन्स्टंटिनचा गेला नव्हता. परंतु त्याला स्वतःलाही राज्याची हौस नव्हती. जानेवारी १८२२ मध्ये त्याने अलेक्झांडरला पत्र लिहून आपला हक्क सोडला. अलेक्झांडरने ते मान्य केले आणि ऑगस्ट १८२३ मध्ये निकोलसला वारस ठरविणारा जाहीरनामा मॉस्कोचे धर्माध्यक्ष फिलारेत यांच्याकडून लिहून घेतला.

येथपर्यंत सर्व सरळ होते. विपरीत गोष्ट ही की, हा जाहीरनामा जाहीर झालाच नाही. मोहरबंद करून तो मॉस्कोच्या उस्पेन्स्की प्रार्थनामंदिरात ठेवण्यात आला, त्याच्या प्रती सेंट पीटर्सबर्ग येथील राज्यपरिषद, सिनेट आणि धर्मसभा यांच्याकडे बंद लखोट्यांत देण्यात आल्या आणि त्यातील मजकूर मूठभर व्यक्तींनाच ठाऊक राहिला. सर्व प्रजेच्या, सैन्याच्या आणि बहुतेक मंत्र्यांच्या दृष्टीने कॉन्स्टंटिन हाच युवराज होता. राज्याचा कायदा एक सांगत होता आणि राज्याची पेटी दुसरेच सांगत होती.

सतरा दिवसांचा सम्राट

१९ नोव्हेंबर १८२५ रोजी अलेक्झांडर तागानरोग येथे मरण पावला. (येथील रशियातील सर्व तारखा जुन्या ज्यूलियन पंचांगाप्रमाणे आहेत, त्या शतकात ते पंचांग ग्रेगोरियन पंचांगाच्या बारा दिवस मागे होते.) ही वार्ता २७ नोव्हेंबरला राजधानीत पोहोचली. निकोलसला आपल्या हक्काची कल्पना होती. तथापि राजधानीचा गव्हर्नर-जनरल मिलोरादोविच याने कायद्याचा आणि रक्षकदलाच्या मनःस्थितीचा हवाला देऊन कॉन्स्टंटिनच्याच नावे शपथ घेतली जावी असा आग्रह धरला. रक्षकदलात निकोलस लोकप्रिय नव्हता. त्याने स्वतः प्रथम थोरल्या भावाच्या नावे राजनिष्ठेची शपथ घेतली. मागून सैन्य, सरकारी कचेऱ्या आणि प्रांतोप्रांतीचे अधिकारी यांनीही घेतली. तिकडे वॉर्सात कॉन्स्टंटिनला मृत्यूची बातमी दोन दिवस आधीच मिळाली होती आणि त्याने निकोलसला सम्राट मानले होते. दोन भाऊ, दोन शहरे आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सम्राट म्हणतो आहे, असा हा विलक्षण प्रसंग होता.

यानंतरचे दिवस पत्रांच्या येरझाऱ्यांत गेले. धाकटा मिखाईल पत्रे घेऊन फिरत राहिला. कॉन्स्टंटिनने खासगी पत्रांतून नकार पुन्हा पुन्हा कळविला. पण तो राजधानीत आला नाही की त्याने सम्राट म्हणून त्यागाचा जाहीरनामाही काढला नाही. त्याचे म्हणणे असे की, जे राज्य आपण स्वीकारलेच नाही त्याचा त्याग कसा करावयाचा? तर्काच्या दृष्टीने हे बरोबर होते. परंतु ज्या सैनिकाने क्रूसाची शपथ घेऊन ‘सम्राट कॉन्स्टंटिन’ म्हटले होते त्याला हा तर्क कोण समजावून सांगणार होते?

टाकसाळीतील घाई

याच अवधीत अर्थमंत्री येगोर कांक्रिन याने सेंट पीटर्सबर्गच्या टाकसाळीस नव्या सम्राटाच्या नावाचा रूबल तयार करण्यास सांगितले. टाकसाळीचा प्रमुख एलर्स याच्या देखरेखीखाली कोरक याकोव्ह रायखेल याने ठशांचे काम हाती घेतले आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच नमुने तयार झाले.

नाण्याच्या दर्शनी बाजूस कॉन्स्टंटिनचे उजवीकडे पाहणारे मस्तक आहे. पित्यासारखे बसके नाक आणि गालांवरील कल्ले स्पष्ट दिसतात. भोवतीच्या संक्षिप्त लेखाचा अर्थ ‘ईश्वरकृपेने कॉन्स्टंटिन पहिला, सर्व रशियाचा सम्राट आणि स्वयंसत्ताधीश’ असा असून शेवटी १८२५ हे वर्ष आहे. मागील बाजूस द्विमुखी गरुड, नाण्याचे मूल्य आणि शुद्ध रुप्याचे प्रमाण ४ झोलोत्निक २१ डोली असे दिले आहे. कडेवर ८३ व एक तृतीयांश हा कस आणि एकूण वजन कोरले आहे. रशियन कस ९६ भागांवर मोजला जाई. त्या हिशेबाने रुपे हजारी ८६८ शुद्धतेचे होते. आजच्या मापाने एकूण वजन सुमारे २०.७३ ग्रॅम आणि त्यातील शुद्ध रुपे सुमारे १८ ग्रॅम भरते. धातू आणि वजन यांत नवे काहीच नव्हते. अलेक्झांडरच्या चलनी रूबलचेच ते प्रमाण होते.

नवे होते ते मुख. पॉलच्या कारकिर्दीपासून रशियाच्या नेहमीच्या चलनी रूबलवर सम्राटाची प्रतिमा घालण्याची चाल बंद पडली होती. अलेक्झांडरच्या प्रतिमेचे रूबल झाले तेही नमुन्यांपुरतेच राहिले. प्रतिमेचा रूबल नियमित चलनात परत आला तो १८८६ मध्ये, अलेक्झांडर तिसरा याच्या वेळी. तेव्हा १८२५ च्या त्या गोंधळात कांक्रिनने केवळ जुन्या ठशावर नाव बदलण्याची सोय पाहिली नाही, तर एका पिढीची चाल मोडून नव्या राजाचे मुख नाण्यावर आणण्याचा बेत केला, असे दिसते. एखाद्या चाणाक्ष मंत्र्याने नव्या धन्याच्या स्वागताची तयारी करावी तशातला हा प्रकार होता. यात कटाचा वास शोधण्याचे कारण नाही. उलट, अर्थमंत्र्यासारख्या अधिकाऱ्यालाही कॉन्स्टंटिन राज्य स्वीकारणार याविषयी त्या दिवसांत शंका नव्हती, याचा तो धातूतील पुरावा आहे.

सिनेट चौक

१२ डिसेंबरला कॉन्स्टंटिनचा निश्चित नकार पोहोचला. १४ डिसेंबर रोजी निकोलसच्या नावे पुन्हा शपथ घेण्याचे ठरले. तीन आठवड्यांच्या आत दुसऱ्या सम्राटाच्या नावे शपथ हा सैनिकांना फसवणुकीचा प्रकार वाटणे स्वाभाविक होते. राज्यघटना आणि भूदासांची मुक्ती यांसाठी गुप्त मंडळे स्थापन केलेल्या अधिकाऱ्यांनी नेमकी हीच संधी साधली. सुमारे ३,००० सैनिक सिनेट चौकात उभे राहिले आणि त्यांच्या ओठी घोष होता तो कॉन्स्टंटिनच्या नावाचा. पुढाऱ्यांना घटना हवी होती. रांगेतील शिपायाला आपली शपथ पाळावयाची होती. कॉन्स्टंटिन हे नाव त्या दोन हेतूंना जोडणारा तात्पुरता दुवा ठरले. पुढारी म्हणून नेमलेला प्रिन्स सर्गेई त्रुबेत्स्कोय चौकात आलाच नाही. समजूत घालण्यास पुढे झालेला मिलोरादोविच काखोव्स्कीच्या गोळीने प्राणास मुकला. ज्याने कॉन्स्टंटिनच्या शपथेचा आग्रह धरला होता, त्यालाच त्या शपथेपायी प्राण गमवावे लागले. संध्याकाळी तोफा डागून चौक मोकळा करण्यात आला. पुढे खटला चालून पेस्तेल, रिलेयेव, सर्गेई मुराव्योव-अपोस्तोल, बेस्तुझेव-रियूमिन आणि काखोव्स्की या पाच जणांना १३ जुलै १८२६ रोजी फाशी देण्यात आले. अनेकांची रवानगी सायबेरियात झाली.

मोहरबंद पेटी

अशा स्थितीत टाकसाळीतील ते रूबल निव्वळ रद्द झालेले नमुने राहिले नाहीत. निकोलसने आपल्या राज्यारोहणाचा आरंभ अलेक्झांडरच्या मृत्युदिनापासून, म्हणजे १९ नोव्हेंबरपासून धरला. कायद्याच्या भाषेत कॉन्स्टंटिन हा एक दिवसही सम्राट नव्हता. मग ‘सम्राट कॉन्स्टंटिन पहिला’ असे लिहिलेला सरकारी टाकसाळीचा रूबल म्हणजे काय? ज्या शब्दांसाठी चौकात माणसे मारली गेली, तेच शब्द राज्याच्या स्वतःच्या ठशाने रुप्यावर उमटलेले होते. बंडखोरांचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते, सतरा दिवस राज्यही तेच म्हणत होते, असा त्याचा अर्थ होत होता.

कांक्रिनने तत्परतेने काम थांबविले. रुप्याचे पाच नमुने, कथिलाचे एकोणीस छाप आणि सहा ठसे एकत्र करून पेटी मोहरबंद झाली व अर्थखात्याच्या गुप्त दप्तरात गेली. नाणी वितळविली नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सम्राटाचे नाव असलेली वस्तू नष्ट करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याने टाळली आणि ती दिसू देण्याचेही टाळले. दप्तरी राज्याचा हा स्वभावच असतो: अडचणीची वस्तू मोडावयाची नाही, दाखवावयाचीही नाही, फक्त तिच्यावर लाख ओतावयाची.

तथापि गुपित पूर्णपणे राहिले नाही. रायखेल हा स्वतः नाणेसंग्राहक होता. कडेवर लेख नसलेले काही नमुने पेटीबाहेर राहिले आणि त्यांपैकी एक जनरल शूबर्ट याच्या संग्रहात आला. १८५७ साली त्याने आपल्या रशियन नाण्यांच्या सूचीत त्याचे वर्णन छापले, तेव्हा या रूबलचे अस्तित्व अभ्यासकांना प्रथम कळले. मूळ पेटी अलेक्झांडर दुसरा याच्या आज्ञेने १८७९ मध्ये उघडली आणि त्यातील नाणी राजपरिवाराच्या निकटवर्ती संग्रहांत वाटली गेली. चोपन्न वर्षे जी वस्तू राजद्रोहाच्या सावलीत होती ती आता भेटवस्तू झाली. कडेवर लेख असलेली पाच आणि साध्या कडेची तीन अशी या रूबलची गणना सामान्यतः केली जाते.

पुराव्याची पारख

दोन वर्गांतील हा कडेचा भेद क्षुल्लक नाही. कडेवरील लेख हा चलनी नाण्याचा अवयव आहे; तो असल्यास नमुना संमतीसाठी पूर्णावस्थेत तयार केला होता असे अनुमान निघते. साधी कड असल्यास तो छाप कोरकाच्या चाचणीचा अथवा टाकसाळीतून खासगीरीत्या बाहेर पडलेला असण्याचा संभव वाढतो. एकाच ठशाची दोन नाणी दोन निराळ्या वाटांनी इतिहासात येतात आणि कडेवरून त्यांची वाट ओळखता येते.

यापुढची कसोटी बनावटपणाची. १८७० नंतरच्या दशकात प्रिन्स अलेक्झांडर त्रुबेत्स्कोय याच्या द्वारे पॅरिसमध्ये काही कॉन्स्टंटिन रूबल प्रकाशात आले. (हा आणि सिनेट चौकात न आलेला त्रुबेत्स्कोय एक नव्हेत.) त्यांच्यासोबत, ही नाणी वॉर्सास पाठविली गेली होती अशी कथाही पुढे करण्यात आली. त्यांचे ठसे मूळ ठशांहून भिन्न आहेत आणि आज ती बनावट मानली जातात. कथा आकर्षक होती, कारण जिथे राजा राहत होता तिथे त्याचे नाणे गेले असणे मनाला पटते. पण मनाला पटणे हा पुरावा नव्हे. ठशांची तुलना आणि दप्तरातील नोंद या दोनच गोष्टींवर निर्णय अवलंबून असतो. इव्हान स्पास्की यांनी १९६४ साली या नाण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून हा धागा उलगडण्याचा प्रयत्न केला, आणि पुढील संशोधनाने अर्थखात्याच्या कागदपत्रांच्या आधारे त्यात भर घातली.

तुलना

या प्रकरणाचे वेगळेपण दोन तुलनांनी स्पष्ट होईल. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ मरण पावल्यावर त्याचा पुत्र आझम शाह याने स्वतःस बादशहा घोषित केले आणि आपल्या नावाची नाणी पाडली. त्याच वर्षी जाजऊच्या लढाईत तो मारला गेला. धाकटा काम बख्श यानेही दख्खनेत आपल्या नावाची नाणी पाडली व १७०९ च्या आरंभी तोही हैदराबादेजवळ पडला. ही नाणी अल्पकालीन असली तरी ती नमुने नव्हती. त्यांच्यामागे दावा होता आणि दाव्यामागे फौज होती. कॉन्स्टंटिनच्या नाण्यामागे राज्ययंत्रणा होती, पण खुद्द राजाचा दावाच नव्हता.

दुसरे उदाहरण आठव्या एडवर्डचे. तो २० जानेवारी १९३६ रोजी गादीवर आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याने राज्यत्याग केला. हम्फ्री पॅजेट याने घडविलेल्या प्रतिमेची, १९३७ हे वर्ष असलेली त्याची ब्रिटिश नाणी नमुन्यांपुरतीच राहिली. राजे आलटून पालटून उलट दिशेस पाहतात हा संकेत मोडून त्याने डावीकडे तोंड ठेवण्याचा आग्रह धरला होता. मात्र प्रतिमा नसलेली, केवळ नावाची नाणी काही वसाहतींत निघाली आणि आपल्याकडे कच्छ संस्थानानेही १९३६ मध्ये त्याच्या नावाची नाणी काढली. येथेही राजा गेला आणि नमुने उरले. परंतु त्यांच्यावरून रक्त सांडले नाही. कारण उघड आहे. एडवर्डचा त्याग जाहीर होता, संसदेने तो कायद्याने नोंदला आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्याही मनात राजा कोण याविषयी संदेह उरला नाही. कॉन्स्टंटिनचा त्याग दोन वर्षांहून अधिक काळ पेटीत होता. नकार दोघांचाही होता. एक चव्हाट्यावर झाला, दुसरा लाखेखाली.

उपसंहार

कॉन्स्टंटिन १८३० च्या पोलिश उठावात वॉर्सातून बाहेर पडला आणि १८३१ मध्ये पटकीने मरण पावला. रूबलचा प्रवास मात्र थांबला नाही. रशियन नाण्यांचे थोर अभ्यासक ग्रँड ड्यूक गेऑर्गी मिखाइलोविच यांच्या संग्रहात यांपैकी एक नाणे होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांना पेत्रोग्रादमध्ये गोळ्या घालण्यात आल्या; त्यांचा संग्रह परदेशी गेला आणि ते नाणे अखेर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत स्थिरावले. सेंट पीटर्सबर्गचे हर्मिताज आणि मॉस्कोचे राज्य ऐतिहासिक संग्रहालय येथेही या रूबलची नाणी आहेत. एका क्रांतीच्या प्रयत्नाने जे लपविले गेले ते दुसऱ्या क्रांतीने महासागरापार नेले.

या नाण्याने एक पैशाचाही व्यवहार कधी झाला नाही. तरीही त्याने एक गोष्ट जपून ठेवली, जी निकोलसच्या जाहीरनाम्यात सापडत नाही: २७ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर १८२५ या दिवसांत रशियन राज्याला आपला सम्राट कोण हे ठाऊक होते आणि ते उत्तर चुकीचे होते. चौकातील शिपाई आणि टाकसाळीतील कोरक यांनी एकाच नावावर विश्वास ठेवला. कोरकाचे काम पेटीत बंद झाले. शिपायाला त्याची किंमत प्राणाने द्यावी लागली. नमुना-नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याने त्यांच्या लिलावातील किमतीपेक्षा या किमतीचा हिशेब आधी मांडावा.